केडगावच्या माळावरचा संसार

पुणे शहर मागे टाकून पूर्वेकडे निघालेला प्रवासी जसजसा सह्याद्रीपासून दूर जातो, तसतसे आकाश मोकळे होत जाते, डोंगर ठेंगणे होतात आणि पावसाचा हात आखडत जातो. घाटमाथ्यावर जो मेघ धो धो कोसळतो, तोच शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांवरून जाताना वीस इंचांच्या आसपास पाऊस टाकतो, आणि तोही भरवशाने टाकील असे नाही. या दोन तालुक्यांच्या मधून भीमा वाहते. उत्तरेस शिरूर, दक्षिणेस दौंड. रांजणगाव सांडसच्या परिसरात मुळा-मुठेचे पाणी तिला येऊन मिळते, आणि नदीकाठच्या पट्ट्यात काळी, कसदार, रब्बीच्या ज्वारीला मानवणारी जमीन पसरलेली आहे. पण काठ सोडून दोन-तीन कोस आत गेले की मुरमाड माळ लागतो. आज ज्या गावांत ऊस डोलतो आणि हिवाळ्यात गुऱ्हाळांचा गोड धूर पसरतो, त्यांपैकी कितीतरी गावांत शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी कुसळी गवत आणि तरवडाची झुडपे यांखेरीज दृष्टीस काही पडत नसे.

त्या काळच्या शेतकऱ्यावर पावसाइतकीच सत्ता सावकाराच्या वहीची होती. रयतवारीच्या पद्धतीने सरकारसारा रोखीने आणि ठरल्या हप्त्याने भरावयाचा, पीक येवो वा न येवो. त्यामुळे खते, कर्जरोखे आणि हुकूमनामे यांच्या जाळ्यात खातेदार आपल्याच जमिनीवर परका होत गेला. १८७४ च्या अखेरीस शिरूर तालुक्यातील करडे या गावी कालूराम नामक सावकाराने बाबासाहेब देशमुख यांच्याविरुद्ध हुकूमनामा मिळवून त्यांचे घर पाडावयास घेतले, तेव्हा साऱ्या गावाने त्या सावकारावर बहिष्कार घातला. त्याचे शेत कोणी करीना, पाणी कोणी भरीना, हजामत कोणी करीना. पुढल्या वर्षी, १२ मे १८७५ रोजी, भीमथडी तालुक्यातील सुप्याच्या बाजारात लोकांनी सावकारांचे कागद काढून त्यांची होळी केली आणि दख्खनच्या दंग्यांना तोंड फुटले. पाठोपाठ १८७६-७७ चा दुष्काळ आला. १८७९ मध्ये वासुदेव बळवंत फडक्यांनी पहिला छापा घातला तो शिरूर तालुक्यातल्याच धामारीवर. आणि त्याच वर्षी सरकारला शेतकऱ्यांच्या कर्जनिवारणाचा कायदा करावा लागला. ज्या मुलखात पिढीजात कुणबी जमीन सोडून मजुरीला मुंबईची वाट धरीत होता, त्या मुलखात मुद्दाम जमीन विकत घेऊन शेती करावयास यावे, असे कोणास का वाटावे?

असे वाटलेली व्यक्ती एक स्त्री होती, विधवा होती, संस्कृतात पारंगत होती, आणि तिच्या सात पिढ्यांत कोणी नांगराच्या रुमण्याला हात लावला असेल असे दिसत नाही. पंडिता रमाबाईंचे नाव आपण समाजसुधारणेच्या इतिहासात वाचतो, स्त्रीशिक्षणाच्या प्रकरणात वाचतो, धर्मांतराच्या वादात तर हमखास वाचतो. परंतु दौंड तालुक्यातील केडगावी ओसाड माळ विकत घेऊन त्यावर फळबाग उभी करणारी, विहिरी खोदविणारी आणि दुष्काळात होरपळलेल्या शेकडो मुलींना त्या जमिनीच्या आधाराने जगविणारी शेतकरीण म्हणून त्यांच्याकडे आपण क्वचितच पाहिले आहे. माझ्या मते त्यांच्या साऱ्या कार्याचे मर्म या शेतीत आहे, आणि त्या शेतीचे मूळ त्यांच्या घराण्याच्या कथेत आहे.

रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे कर्नाटकात स्थायिक झालेल्या चित्पावन कुळातले. विद्यार्थिदशेत ते पुण्यास आले असता त्यांचे गुरू रामचंद्रशास्त्री साठे दुसऱ्या बाजीरावाच्या राणीस संस्कृत शिकवीत असत. एका स्त्रीच्या मुखातून संस्कृत श्लोक ऐकून त्या तरुणाच्या मनात आले की आपणही आपल्या पत्नीला ही विद्या द्यावी. घरच्यांच्या विरोधामुळे पहिल्या पत्नीच्या बाबतीत हे साधले नाही. ती निवर्तल्यावर प्रौढ वयात लक्ष्मीबाईंशी विवाह झाला, तेव्हा त्यांनी या बालिकावधूला शिकवावयास आरंभ केला, लोकापवाद उठला, शास्त्रार्थ झाले, आणि अखेरीस अनंतशास्त्री तिला घेऊन सह्याद्रीच्या दाट अरण्यात, गंगामूळ येथे, राहावयास गेले. त्या पहिल्या रात्री डोक्यावर छप्पर नव्हते. आसपास वाघाची डरकाळी उठत होती, ती पोर पासोडीत स्वतःला गुंडाळून भुईवर थरथरत पडली होती आणि तिचा पती पहाटेपर्यंत जागत बसला होता. नव्या भूमीवर वस्ती करणाऱ्या माणसांच्या ज्या कथा आपण देशोदेशींच्या इतिहासात वाचतो, त्यांत ही रात्र सहज शोभून दिसेल. तेथे रान तोडून घर उभे राहिले, विद्यार्थी जमले, पाठशाळा सुरू झाली, आणि त्याच घरी २३ एप्रिल १८५८ रोजी रमाबाईंचा जन्म झाला.

परंतु येणाऱ्याजाणाऱ्याला अन्न आणि शिष्यांना आश्रय देता देता शास्त्रीबुवा कर्जात बुडाले. रमाबाई अवघ्या सहा महिन्यांच्या असताना कुटुंबाने ते घर सोडले. वेताच्या टोपलीत घालून एका हमालाच्या डोक्यावरून त्या अरण्याबाहेर आल्या, आणि त्यानंतरचे बालपण तीर्थयात्रांत, देवळांच्या ओवऱ्यांत आणि नदीच्या घाटांवर पुराण सांगत गेले. लक्ष्मीबाई पहाटे उठून मुलीला संस्कृत पढवीत. भागवताचे हजारो श्लोक मुखोद्गत झाले. पण पोट भरण्याची कोणतीही विद्या या घरात कोणासही आली नाही. पुराणिकाला मिळणारी दक्षिणा हेच उत्पन्न, आणि लोकांपाशी द्यावयास काही असेल तोवरच ते चालणारे.

सत्तरच्या दशकात दक्षिणेत दुष्काळ पडू लागला तेव्हा हे उत्पन्न आटले. या दिवसांची हकीकत रमाबाईंनी पुढे स्वतः लिहून ठेवली आहे, आणि मराठी माणसाने लिहिलेल्या आत्मकथनांत इतके करुण आणि इतके निर्भीड असे थोडेच असेल. भांडी गेली, दागिने गेले, वस्त्रे गेली. अरण्यात पाला आणि रानटी खजुराची फळे खाऊन दिवस काढावे लागले. पवित्र सरोवरात देह ठेवावा असा विचार मनात येऊन गेला. वृद्ध आणि दृष्टी गमावलेले वडील आधी गेले. त्यांच्यामागे आई तापाने आणि उपासमारीने अंथरुणास खिळली, तेव्हा तिच्यासाठी शेजारच्या घरी अन्न मागावयास रमाबाई गेल्या खऱ्या, पण शरमेने त्यांच्या तोंडून शब्द फुटेना; त्या गृहिणीने मुलीच्या डोळ्यांतले पाणी पाहून आपण होऊन जाड्याभरड्या भाकरीचा तुकडा दिला, आणि तो घेऊन त्या परतल्या तर आईला तो गिळवेना. आईच्या तिरडीला खांदा द्यावयास दोन ब्राह्मण कसेबसे मिळाले, तिसरा भाऊ श्रीनिवास, चौथ्या रमाबाई. त्या ठेंगण्या होत्या, खांदा पुरेना, म्हणून त्यांनी ते ओझे डोक्यावर घेतले. मागाहून थोरली बहीणही गेली.

या हकीकतीत मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो त्यांचा स्वतःवरील आणि आपल्या घराण्यावरील अभियोग. आपल्याला शास्त्रांपलीकडे काही ठाऊक नव्हते आणि उच्च जातीच्या अभिमानामुळे हलके म्हणून गणलेले कष्टाचे काम करण्यास आपण तयार नव्हतो, असे त्या स्पष्टपणे लिहितात. दुष्काळाचे खापर केवळ दैवावर न फोडता, हाताने काम न करणाऱ्या विद्येवरही त्यांनी ते फोडले. केडगावी पुढे जे घडले ते या एका जाणिवेतून घडले, अशी माझी समजूत आहे.

मधल्या वर्षांचा वृत्तान्त वाचकांस परिचित आहे म्हणून तो त्वरेने सांगतो. बहीणभाऊ पायी उत्तरेस गेले. झेलमच्या काठी कडाक्याच्या थंडीत वाळूत खड्डे करून, गळ्यापर्यंत वाळू अंगावर ओढून त्यांनी रात्री काढल्या. १८७८ मध्ये कलकत्त्याच्या विद्वानांनी रमाबाईंची परीक्षा घेऊन ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्यांनी त्यांचा गौरव केला. १८८० मध्ये श्रीनिवास गेला. त्याच वर्षी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी त्यांनी जातीबाहेरचा नोंदणी विवाह केला. १८८१ मध्ये मनोरमा जन्मली आणि फेब्रुवारी १८८२ मध्ये पटकीने पती निवर्तले. तान्ह्या मुलीला घेऊन त्या पुण्यास आल्या, आर्य महिला समाज स्थापिला, इंग्लंडास गेल्या, तेथे १८८३ मध्ये ख्रिस्ती झाल्या, आणि तेथून अमेरिकेस गेल्या. धर्मांतरामुळे पुण्यात गहजब उडाला तेव्हा त्यांची बाजू घेऊन उभे राहिलेल्या थोड्या लोकांत जोतीराव फुले होते, हे येथे विसरता येत नाही. मांजरीला स्वतः शेती केलेल्या आणि शेतकऱ्याच्या दैन्याचा असूड सरकार व भटशाही या दोहोंवर ओढलेल्या त्या पुरुषाला रमाबाईंच्या बंडाचे मोल कळले होते.

अमेरिकेत बोस्टन येथे स्थापन झालेल्या मंडळाने दहा वर्षे द्रव्यसाहाय्य करण्याचे मान्य केले, आणि त्या आधारावर ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत विधवांसाठी ‘शारदासदन’ उघडले. पुढल्या वर्षी ते पुण्यास आले. १८९३ मध्ये धर्माच्या प्रश्नावरून वाद पेटला, रानडे-भांडारकरांसारख्या सल्लागारांनी अंग काढून घेतले आणि अनेक पालकांनी मुली परत नेल्या. एकीकडे देशातील आधार तुटला, दुसरीकडे परदेशच्या मदतीची मुदत १८९८ मध्ये संपणार हे दिसत होते. अशा वेळी संस्थाचालक सामान्यतः वर्गणीची नवी यादी काढतो. रमाबाईंनी जमीन पाहावयास सुरुवात केली.

पुण्याहून सुमारे चौतीस मैलांवर, लोहमार्गालगत, केडगावी त्यांनी शंभर एकरांच्या आसपास जमीन घेतली. पैसा अमेरिकेतील स्नेह्यांकडून आला. संत्री, लिंबे आणि आंबे यांची बाग लावावी आणि तिच्या उत्पन्नावर सदनाचा योगक्षेम चालावा, असा त्यांचा हिशेब होता. या निवडीतील व्यवहारदृष्टी पाहण्यासारखी आहे. मुठेचा उजवा कालवा खडकवासल्याहून निघून याच तालुक्यात पाटसच्या बाजूस येत असला, तरी केडगावच्या या माळाला भरवसा विहिरीच्या पाण्याचाच. आणि विहिरीच्या मोजक्या पाण्यावर विस्तीर्ण रान भिजविण्यापेक्षा झाडांची आळी भिजविणे केव्हाही शहाणपणाचे. फळ टिकावू नसते, ते बाजारास त्वरित पोचले पाहिजे. तेव्हा आगगाडीचे ठाणे बांधालगत असणे ही मोठीच सोय. मात्र फळबाग हे धीराचे काम आहे. उन्हाळ्यात मुरूम फोडून खड्डे घ्यावयाचे, ते तापू द्यावयाचे, शेणखत आणि गाळाची माती घालून भरावयाचे, पहिल्या पावसानंतर रोप लावावयाचे, आणि मग कित्येक वर्षे, एका फळाचीही आशा न धरता, मोटेमागून मोट पाणी त्याच्या मुळाशी पोचवीत राहावयाचे. दक्षिणेतील मोटेचे काम ज्याने केले आहे त्यालाच ते ठाऊक : पहाटेच्या अंधारात बैल धावेवर उतरतात, चामड्याची मोट कुरकुरत वर येते, थारोळ्यात पाणी ओतले जाते आणि पाटाने वाहत जाऊन दारे धरणाऱ्याच्या पायाशी येते, एका आळ्याला किती वेळ लागतो याचा अंदाज त्याच्या मनात घड्याळासारखा बसलेला असतो.

बाग अद्याप बाल्यावस्थेत असतानाच १८९६ चा दुष्काळ आला. मध्यप्रांतात माणसे किड्यामुंग्यांसारखी मरत आहेत आणि अनाथ मुलींना दलाल पळवीत आहेत, हे वर्तमान कळताच रमाबाई स्वतः तिकडे गेल्या. वीस-बावीस वर्षांपूर्वी ज्या अवस्थेत त्या आणि त्यांची भावंडे होती, त्याच अवस्थेतील मुली त्यांनी रस्त्यावर पाहिल्या. सुमारे तीनशे मुलींना वाचवावयाचे असा संकल्प करून त्यांनी तुकड्या-तुकड्यांनी त्यांना आणावयास आरंभ केला. इतक्यात पुण्यात प्लेग शिरला, शहरातील सदनात नव्या मुली ठेवण्यास अधिकाऱ्यांनी प्रतिबंध केला, आणि मग हा सारा जथा केडगावच्या माळावर नेण्याखेरीज गत्यंतर उरले नाही. जी जमीन उत्पन्नासाठी घेतली होती तीच आता घर झाली. तंबू आणि छपरे उभारली गेली. १८९८ मध्ये पक्क्या इमारतींचा पाया पडला. आणि वसाहतीस ‘मुक्तिसदन’ असे नाव मिळाले.

संवत १९५६ चा, म्हणजे १८९९-१९०० चा, छपन्याचा दुष्काळ याहून भयंकर. गुजरात आणि राजपुतान्यातून मुक्तीत आलेल्या मुली, मुले आणि स्त्रिया यांमुळे रमाबाईंचे कुटुंब दोन हजारांच्या घरात गेले. ही संख्या आपण वाचतो आणि पुढे जातो. गृहिणीने मात्र क्षणभर तिथे थांबून हिशेब करून पाहावा. दोन हजार माणसांना रोज दोन वेळा जेवावयास घालावयाचे म्हणजे किती धान्य निवडावयाचे, किती जात्यांवर दळावयाचे, किती सरपण फोडावयाचे, किती घागरी ओढावयाच्या! बाहेर दुष्काळ म्हणून धान्य महाग, आणि पाऊस नाही म्हणून विहिरी खोल जाऊ लागलेल्या. तेव्हा नव्या विहिरी खोदणे आणि जुन्यांतील गाळ काढणे हेच पहिले काम. आलेल्या मुली चालत्या सांगाड्यांसारख्या, कित्येक खरजेने आणि उवांनी पिडलेल्या. उपाशी जिवाला एकदम पोटभर अन्न घातले तर तो दगावतो, म्हणून त्यांना बेताबेताने अन्नावर आणावे लागे. अनेक वाचल्या नाहीत. ज्या वाचल्या त्यांना अंगात बळ येताच काम मिळाले.

कामाची ही व्यवस्था हे केडगावचे वैशिष्ट्य होय. कोणी शेतात, कोणी बागेत, कोणी दूधदुभत्यावर. कोणी हातमागावर, कोणी तेलाच्या घाण्यावर. कोणी स्वयंपाकघरात, कोणी धोब्याच्या कामात, कोणी शिवणावर. आणि पुढे छापखाना आला तेव्हा खिळे जुळविण्यापासून पुस्तक बांधण्यापर्यंतचे काम मुलींच्याच हाती. दिवसाचा काही भाग शाळा, काही भाग हातचे काम. भागवत पाठ असूनही भाकरी कमावता न आलेल्या एका कुटुंबाची ही मुलगी. तिने आपल्या आश्रयास आलेल्या मुलीला अक्षर दिले, पण केवळ अक्षरावर तिला सोडून दिले नाही. सुंदराबाई पवार यांच्यासारख्या सहकारिणी या कामी खपल्या, आणि परदेशांतूनही काही स्त्रिया येऊन राबल्या. तथापि हा एवढा बारदाना चालविणारी कर्ती बाई एकच होती, जाडेभरडे पांढरे पातळ नेसणारी, केस कापलेली, कानांनी हळूहळू कमी ऐकू येऊ लागलेली.

मुक्तीत आलेल्या मुली ख्रिस्ती संस्कारांत वाढल्या आणि बहुतेक ख्रिस्ती झाल्या, हे सत्य आहे, आणि त्याबद्दल त्या काळी उठलेला क्षोभ समजण्यासारखा आहे. अन्नासाठी आलेल्या निराधार बालकाला धर्माची निवड खरोखर करता येते काय, हा प्रश्न आजही गंभीरपणे विचारावा लागतो. पण त्याबरोबर दुसराही प्रश्न विचारला पाहिजे, की त्या मुली रस्त्यावर पडल्या होत्या तेव्हा त्यांना उचलावयास आपल्यापैकी कितीजण गेले होते. रमाबाईंची धर्मनिष्ठा उत्कट होती आणि ती त्यांनी कधी लपविली नाही; त्याचप्रमाणे पुण्यातील प्लेगच्या रुग्णालयात स्त्रियांची जी विटंबना होत होती तिच्याविरुद्ध, इंग्रज सरकारची भीड न धरता, १८९७ मध्ये वृत्तपत्रातून लिहिणाऱ्याही त्याच होत्या.

या संसारात मनोरमेचा वाटा मोठा. बालपण इंग्लंडात आणि आश्रमांत गेलेली, अमेरिकेत शिकलेली, मुंबई विद्यापीठाची पदवी मिळविलेली ही मुलगी आईचा उजवा हात बनली. रमाबाईंच्या इतक्या लेकींत तिला आई किती वाट्याला आली असेल, हा विचार तिचे चरित्र वाचताना मनाला चटका लावतो. पण तिच्या वागण्यात त्याची तक्रार दिसत नाही. शारदासदनाची शाळा तिने सांभाळली. अंध मुलींना ब्रेल लिपीने वाचावयास शिकविण्याचे काम मुक्तीत उभे राहिले त्यात तिचा हात होता. आणि १९१३ मध्ये निजामाच्या मुलखात, गुलबर्ग्यास, मुलींची शाळा काढण्यात तिने पुढाकार घेतला. निजामाच्याच त्या मुलखात, रायचुरास, तिच्या आजीने उपासमारीत प्राण सोडला होता.

रमाबाईंची अखेरची वर्षे बायबलच्या मराठी भाषांतरात गेली. संस्कृतप्रचुर भाषेवर एवढे प्रभुत्व असलेल्या या विदुषीने, शेतात राबणाऱ्या बाईला कळावे म्हणून, हिब्रू आणि ग्रीक शिकून साध्या मराठीत सबंध ग्रंथ उतरविण्याचा प्रयत्न केला, आणि तो छापला केडगावच्याच मुलींनी. १९१९ मध्ये सरकारने त्यांना कैसर-ए-हिंद पदक दिले. २४ जुलै १९२१ रोजी मनोरमा गेली. संस्था जिच्या हाती द्यावयाची ती एकुलती एक मुलगी चाळिशीत गेल्यावर रमाबाईंनी कामाची पुन्हा मांडणी केली आणि भाषांतराची मुद्रिते तपाशीत ५ एप्रिल १९२२ रोजी देह ठेवला. संपूर्ण ग्रंथ त्यांच्या मागे प्रसिद्ध झाला.

आजचा दौंड तालुका धरणे, कालवे आणि पाटसचा साखर कारखाना यांनी ओळखला जातो, भीमेपलीकडच्या शिरुरास चिंचणीजवळच्या घोड धरणाने हात दिला आहे, आणि या परिवर्तनाचे श्रेय ज्यांना द्यावयाचे त्या सहकारी चळवळीतील पुरुषांची नावे गावोगाव आदराने घेतली जातात. त्या मालिकेच्या आरंभी, सहकाराचा कायदाही झालेला नसताना आणि कृषिमहाविद्यालयही निघालेले नसताना, केडगावच्या मुरमात संत्र्याची कलमे लावणाऱ्या या बाईचे नाव लिहावयास हवे. मुक्ती मिशन केडगावी अद्याप चालू आहे आणि निराधार स्त्रिया व मुली आजही तेथे आश्रयास येतात; तेव्हा तालुक्याच्या शेतीचा इतिहास जो कोणी लिहावयास घेईल त्याला या प्रकरणाची साधने शोधावयास फार दूर जावे लागणार नाही.